दहा आकडे मोजायला शिकताना

स्ट्रोकनंतर अण्णांकडे एकच शब्द उरला होता, ‘चला’. भूक लागली तरी चला, पाठ दुखली तरी चला, टीव्हीचा आवाज नकोसा झाला तरी चला. सूर मात्र दर वेळी वेगळा. रागाचं चला वेगळं, विनवणीचं वेगळं. आम्हाला तो सूर ओळखता यायला कितीतरी दिवस लागले.

अण्णा माझे सासरे. ३१ वर्षं एस.टी.त कंडक्टर होते, बहुतेक सगळी सातारा-महाबळेश्वरच्या गाडीवर. घरात बोलणारं माणूस म्हणजे तेच. मी लग्न होऊन आले तेव्हा नवीन घरात मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून रोज संध्याकाळी दिवसभरातल्या प्रवाशांच्या गोष्टी सांगायचे. अशा माणसाची वाचा जाते तेव्हा घराचा आवाजच जातो.

२०२३ चा नोव्हेंबर. पहाटे दूध आणायला निघाले आणि दारातच उजव्या हातातनं किटली सुटली. तोंड वाकडं झालेलं. दवाखान्यात नेलं, तिथं कळलं की मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. ११ दिवसांनी घरी आणलं. हातापायाच्या व्यायामाचं चित्रांसकट दोन पानी पत्रक मिळालं. बोलण्याबद्दल डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एकच ओळ होती: अफेजिया, स्पीच थेरपी घ्यावी. अफेजिया म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडणं. कुणाकडे, कधीपासून, आणि तोवर घरच्यांनी काय करायचं, याबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं, “येईल हळूहळू.”

त्या हळूहळूची आम्ही अडीच महिने वाट पाहिली. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू सगळ्यात वेगानं सावरत असतो, सुधारणा पुढेही होत राहते पण तो वेग पुन्हा येत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ते अडीच महिने मला अजून सलतात.

बरं, त्या काळात आम्ही गप्प बसलो होतो असंही नाही. जो येईल तो त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारायचा, “ओळखलं का मला?” मी पेन, चमचा, घड्याळ समोर धरायची, “अण्णा, हे काय? सांगा बघू.” नवरा पाटीवर बाराखडी गिरवून घ्यायचा. आमच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आई म्हणतो, त्या अण्णांनी ‘च’ म्हणायच्या आत उत्तर द्यायच्या. नात्यातल्या एकांनी तर त्यांच्यासमोरच सांगितलं की डोक्यावर परिणाम झालाय, आता असंच चालायचं. अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पतसंस्थेत माझ्या काउंटरवर येणाऱ्या एका बाईंच्या भावाला असाच झटका आला होता. त्यांनी साताऱ्यातल्या स्पीच थेरपिस्ट मॅडमचा पत्ता दिला आणि एक चांगला सल्लाही दिला. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते आधी बघून घ्या, म्हणाल्या. तो सल्ला मी इथं पुढे देते, कारण वाचा परत आणतो म्हणून पैसे घेणारे बरेच भेटतात.

पहिल्या दिवशी मॅडमनी अण्णांना तासभर तपासलं. वस्तू ओळखायला लावल्या, शब्द मागून म्हणायला लावले, “आधी दाराकडे बोट करा, मग डोळे मिटा” असं सांगून पाहिलं. मग विचारलं, “वाघाला सिंहानं मारलं. मेलं कोण?” समोर दोन चित्रं ठेवली होती. अण्णांनी सिंहावर बोट ठेवलं. मॅडमनी आम्हाला समजावलं की त्यांना साधं बोलणं जवळजवळ सगळं समजतं. पण ‘ला’ आणि ‘नं’ अशा लहानशा प्रत्ययांवर सगळा अर्थ टांगलेला असला आणि शब्दांचा क्रम उलटा असला की गोंधळ होतो. माणूस तोच आहे, त्याची अक्कल तीच आहे, आठवणी शाबूत आहेत. आतला विचार आणि तोंडातला शब्द यांच्यामधला रस्ता खचलाय.

‘चला’चं मॅडमना जरासुद्धा नवल वाटलं नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी एक रुग्ण तपासला होता, त्याला ‘टान’ एवढंच म्हणता यायचं आणि रुग्णालयात त्याचं नावच टान पडलं होतं. त्याच्या मेंदूच्या डाव्या भागातल्या इजेवरून बोलण्याची जागा कुठली याचा शोध लागला. आई हे ऐकत होत्या. घरी येताना रिक्षात त्या एकदम म्हणाल्या, “म्हणजे यांच्यासारखी दुसरीही माणसं आहेत.” तोवर त्यांना वाटत होतं की हे फक्त आपल्याच घरात घडलंय, कसलं तरी पाप असेल म्हणून.

मॅडमचे आठवड्याचे दोन दिवस ठरले, ४५-४५ मिनिटांचे. दुसऱ्याच भेटीत त्यांनी हिशेब मांडला. आठवड्याचे तास १६८. त्यातला दीडच तास माझा. बाकीच्या वेळात तुम्ही त्यांच्याशी कसं बोलता यावर सगळं अवलंबून आहे, तेव्हा आता तुम्हाला शिकवायचं. चार शनिवार, घरातले सगळे. सगळे म्हणजे नऊ वर्षांची माझी मुलगीसुद्धा, आणि अण्णांसोबत वर्षानुवर्षं गाडीवर असलेले ड्रायव्हर काकासुद्धा, कारण ते रोज संध्याकाळी येऊन बसायचे.

पहिल्या शनिवारच्या आधी एक काम दिलं होतं. चहाच्या वेळेला मोबाइल कपाटावर टेकवून ठेवायचा आणि पाच मिनिटं जे चालेल ते टिपायचं. मॅडमनी तो व्हिडिओ आम्हा सगळ्यांना बसवून दाखवला आणि हातात कागद देऊन मोजायला लावलं. पाच मिनिटांत आम्ही अण्णांना २२ प्रश्न विचारले होते. त्यातल्या १९ प्रश्नांची उत्तरं आम्हाला आधीच माहीत होती. हा कोण, आज वार कुठला, कपात काय आहे. उत्तरासाठी सगळ्यात जास्त थांबलो ते दोन सेकंद. नऊ वेळा आईंनी त्यांच्या वतीनं उत्तर दिलं होतं.

त्या व्हिडिओत मी अण्णांचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. मी “कपात काय आहे?” विचारते आणि ते माझ्याकडे बघतात. ज्या माणसानं आयुष्यभर हजारो लोकांचे सुटे पैसे तोंडी हिशेबानं परत दिले, त्याला मी कपात काय आहे विचारत होते. मायेनंच विचारत होते. पण ती रोजची परीक्षा होती आणि ते रोज नापास होत होते.

मॅडमनी नियम घातला, उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारायचा नाही. चहा दिसतोय ना, मग “चहात साखर कमी पडली का?” असं विचारा, ते तुम्हाला खरंच माहीत नाही. दुसरा नियम, विचारल्यावर दहा सेकंद थांबायचं. मनातल्या मनात एक ते दहा मोजायचे. करून बघा, दहा आकडे फार लांब असतात. सातव्या आकड्याला जीभ शिवशिवते. आई पदराआड बोटांवर मोजायच्या आणि सहाला पोचल्या की शब्द त्यांच्या तोंडून सुटायचा. ४३ वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याची धडपड समोर बसून नुसती बघायला सांगणं सोपं नाही. पहिले दोन आठवडे त्या चिडायच्या, “तुमच्या मॅडमना काय जातंय सांगायला?”

दुसऱ्या शनिवारी मॅडमनी मला एक चिठ्ठी दिली आणि तोंडात पाण्याचा घोट धरायला सांगितला. चिठ्ठीत लिहिलं होतं: पंखा बंद करू नका, एक नंबर कमी करा, आणि माझ्या पाठीमागची उशी काढा. हे मी आईंना न बोलता सांगायचं. मी पंख्याकडे हात केला. आई उठल्या आणि पंखा बंद केला. मी मान हलवली. त्यांनी तो पाचवर केला. मी पाठीकडे हात केला, तर त्या म्हणाल्या, “पाठ दुखतीय? बाम लावू?” मी पुन्हा हातवारे केले. आई मऊ आवाजात म्हणाल्या, “हो हो, कळलं हं,” आणि गप्प बसल्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्या ‘हो हो’नं माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी पाणी गिळून ओरडले. दोन मिनिटांत माझी ही गत, आणि अण्णा तीन महिने असेच जगत होते. कोपऱ्यात बसून ते सगळं बघत होते. त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

त्या दिवसापासून खोटं ‘हो हो’ घरातून हद्दपार केलं. कळलं नाही तर सरळ सांगायचं: “अण्णा, तुम्हाला नक्की काहीतरी सांगायचंय, ते तुम्हाला माहीत आहे, मलाच कळत नाहीये. आपण पुन्हा बघू.” मॅडमनी सांगितलं की ही पद्धत कॅनडातल्या टोरांटोच्या ऑरा कागन यांनी रुजवली. २००१ साली त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४० स्वयंसेवक होते, निम्म्यांना असं बोलायचं शिक्षण दिलं आणि निम्म्यांना नाही. शिकलेल्यांचं बोलणं सुधारलंच, पण त्यांच्यासमोर बसलेल्या, स्वतः काहीही वेगळं न शिकलेल्या अफेजियाच्या रुग्णांचाही संवादातला सहभाग वाढला. मला हे फार मोठं वाटतं. समोरच्यानं बसायची, थांबायची, विचारायची रीत बदलली की ज्याची वाचा गेलीय त्याला सांगता येऊ लागतं.

रीत म्हणजे काय तर साध्या गोष्टी. बोलताना टीव्ही बंद. समोर बसायचं, त्यांच्या नजरेच्या पातळीवर. आवाज नेहमीचा, कान चांगले आहेत. वाक्य आखूड, पण लहान मुलाशी बोलतो तसं नाही. आता कशाबद्दल बोलतोय ते आधी सांगायचं, विषय बदलला तर तेही सांगायचं. जवळ वही आणि जाड मार्कर ठेवायचा. मुद्द्याचा शब्द ठळक लिहायचा, पर्याय लिहून पुढे करायचे, एका कागदावर ‘हो’, ‘नाही’ आणि ‘दुसरंच काहीतरी’. हे तिसरं फार गरजेचं आहे. ते नव्हतं तेव्हा आम्ही आमच्याच अंदाजांमध्ये त्यांना कोंडत होतो.

या वहीनं आम्हाला काय दिलं ते सांगते. फेब्रुवारीच्या शेवटी तीन दिवस अण्णा अस्वस्थ होते. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट, मग कपाटाकडे, मग स्वतःच्या छातीवर थाप, आणि ‘चला, चला’. आईंना वाटलं छातीत दुखतंय. आम्ही डॉक्टरांकडे नेऊन आणलं, काही निघालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन बसले. माणूस, जागा, वस्तू, पैसे, तब्येत असं लिहिलं. बोट ‘पैसे’वर पडलं. मग घर, बँक, पतसंस्था, दुसरंच. बोट ‘बँक’वर. भरायचे? काढायचे? दुसरंच. मी मार्कर त्यांच्या डाव्या हातात दिला आणि दहा मोजले, परत दहा मोजले. वेडंवाकडं एक अक्षर उमटलं, ‘ह’. पुन्हा छातीवर थाप. मी, ह, बँक, कॅलेंडर. हयातीचा दाखला! दर वर्षी डिसेंबरात ते स्वतः जाऊन देऊन यायचे. या वर्षी कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं, आणि पेन्शन थांबली होती. पासबुक आम्ही कुणी भरून आणलंच नव्हतं. मी म्हटलं, “हयातीचा दाखला राहिला, असंच ना?” अण्णांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसानं घरातल्या तीन कमावत्या माणसांची चूक धरून दिली होती. दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून झाला, उजव्या हाताच्या ठशाची गरज पडली नाही.

शब्द काढून घ्यायचं शिक्षण वेगळं होतं. मॅडम त्याला शिडी म्हणायच्या. आधी नुसतं थांबायचं. नाही आलं तर त्या वस्तूचा उपयोग सांगायचा किंवा खूण करायची. तरी नाही तर अर्धं वाक्य सोडायचं: “आमटी अळणी झाली, त्यात घाला…” तरीही नाही तर पहिला आवाज ओठांनी दाखवायचा, ‘मी…’. मग बरोबरीनं म्हणायचं, आणि सगळ्यात शेवटी आपण म्हणून त्यांना मागून म्हणायला लावायचं. आम्ही आजवर शेवटच्या पायरीवरनंच सुरुवात करत होतो.

अर्ध्या वाक्याच्या पायरीवर आईंचा हात कुणी धरू शकलं नाही. जोडीनं येणारे शब्द त्यांच्याकडे पोत्यानं होते. गूळ… खोबरं. पिठलं… भाकरी. हळद… कुंकू. लेकी… सुना. भाकरी थापता थापता त्या पहिला शब्द टाकायच्या आणि थांबायच्या, आता खरोखर थांबायच्या. मार्चमध्ये एका दुपारी ‘पिठलं’ म्हटल्यावर मागून ‘भाकई’ आलं. आईंनी मागे वळून पाहिलं नाही, भाकरी थापत राहिल्या. त्यांच्या हाताखालची भाकरी परातीत तुटली.

एस.टी.च्या थांब्यांचंही असंच झालं. वार, पाढे, आरती असं पाठ झालेलं बोलणं वेगळ्या वाटेनं येतं, म्हणून ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही तो आरती सगळी म्हणू शकतो. ड्रायव्हर काकांनी एकदा सहज “सातारा, लिंब फाटा…” असं सुरू केलं आणि अण्णा एका दमात “आनेवाडी, पाचवड, वाई, पाचगणी, महाबळेश्वर” म्हणून गेले. आम्ही सगळे रडलो. मॅडमनी मात्र जमिनीवर आणलं. ही भाषा दारापर्यंत आणते, आत आपल्यालाच न्यावं लागतं. नुसती माळ म्हणून घेऊ नका, माळेतला एक मणी काढून मागा. मग काका विचारायचे, “पाचवडच्या पुढं?” हा एक शब्द माळेबाहेर काढायला पाच आठवडे गेले.

सगळं चढतंच गेलं असं नाही. मोबाइलवरचे शब्दांचे खेळ आणले होते, त्यात आम्ही कधी न पाहिलेली फळं आणि बर्फातली घरं. अण्णांनी फोन ढकलून दिला. मग मुलीनं घरातल्याच वस्तूंचे फोटो काढून कार्डं केली: त्यांची छत्री, मेथीची जुडी, अडकित्ता, गणवेशाचा खाकी शर्ट. ती चालली. व्यायामानंतर थकून जायचे, तेव्हा बोलण्याची वीस मिनिटं सकाळी त्याच्या आधी ठेवली. जून-जुलैमध्ये त्यांनी जवळजवळ सगळंच सोडलं, दिवस दिवस पडून राहायचे. मॅडमनी लगेच डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. स्ट्रोकनंतर असं नैराश्य बऱ्याच जणांना येतं, गोळ्या सुरू झाल्यावर महिन्या-दीड महिन्यात फरक पडला. घरच्यांनी याला आळस समजू नये.

ज्यांच्या गावात थेरपिस्ट नाहीत त्यांच्यासाठी दोन ठिकाणं सांगते. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची वाक् आणि श्रवण संस्था आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था त्याहून जुनी, १९६५ ची. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा-भाषेचा दोष स्वतंत्र धरलाय, अफेजियाचा त्यात नावानं उल्लेख आहे. प्रमाणपत्रासाठी गेलात आणि समोरचा फक्त हात-पाय बघू लागला तर हे सांगा. मला सांगावं लागलं.

आता जवळजवळ दीड वर्ष होत आलंय. अण्णा दोन-तीन शब्द जोडतात. “चहा… नको… पाणी.” क्रियापदं अजून सापडत नाहीत. थकले की पुन्हा ‘चला’. पण काकांशी रोज तासभर वही, बोटं आणि शब्द मिळून गप्पा होतात, आणि त्यात खरी भांडणंही होतात.

राहिल्या होत्या नागपूरच्या वन्सं. त्या दर रविवारी व्हिडिओ कॉल करायच्या आणि दर रविवारी पहिलं वाक्य, “अण्णा, मी कोण? ओळखलं का?” अण्णा फोन माझ्या हातात द्यायचे. मी वन्संना आमचा तो पहिला पाच मिनिटांचा व्हिडिओ पाठवला आणि मोजायला सांगितलं. रात्री त्यांचा मेसेज आला, “मी २३ मोजले. तू एक चुकलीस.” पुढच्या रविवारी त्यांनी प्रश्न विचारला नाही. म्हणाल्या, “अण्णा, सुट्टीचं बोलते. मी यायचं ठरवतेय, कधी येऊ?” आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला: मे, जून, दुसरंच. मग थांबल्या. त्यांचे ओठ मोजताना हलत होते. अण्णांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि डाव्या हाताचं बोट पडद्यावर ‘मे’वर जोरात टेकवलं. फोन कट झाला. त्यांनी क्षणभर काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि फोन माझ्याकडे सरकवला.

“परत,” म्हणाले.